अमेरिकेतील शिक्षकाचा पगार : आकडा आणि आकड्यामागची माणसे

गणपतीची आरती झाली, प्रसाद वाटून झाला, की मांडवात गप्पा सुरू होतात. अलीकडे त्या गप्पांत एक विषय हटकून निघतो. "तुमची मुलगी शिक्षिका ना? मग तिने अमेरिकेला अर्ज करायला हवा. तिकडे म्हणे मास्तरांना वर्षाला सत्तर हजार डॉलर मिळतात!" कोणीतरी लगेच हिशेब मांडतो. डॉलरला पंचेचाळीस रुपये धरले तरी एकतीस लाखांच्या वर! मग क्षणभर सारेच गप्प होतात आणि मुलीचे वडील विचारात पडतात.

हा आकडा खोटा नाही. पण तो कोण ठरवतो, कोठून येतो आणि त्यातून काय वजा होते हे ठाऊक नसेल तर तो फसवा ठरतो. म्हणून या आठवड्यात आम्ही अमेरिकेतील शिक्षक, हेडमास्तर आणि शाळांचे वरिष्ठ अधिकारी यांच्या पगाराची व सवलतींची हकीकत वाचकांपुढे ठेवत आहोत. अर्ज करावा की न करावा हे ज्याचे त्याने ठरवावे. आमचे सांगणे एवढेच आहे, की शिक्षकाच्या पगारावरून त्याच्या पाठीशी समाज किती उभा आहे हे कळते. अमेरिकेची गोष्ट वाचली म्हणजे हे पटेल.

गाव तसा पगार

आपल्या मॉरिशसमध्ये पी. आर. बी.चा अहवाल आला, की ग्रां पोर्टच्या शिक्षकाला आणि पोर्ट लुईच्या शिक्षकाला एकच वेतनश्रेणी लागू होते. पगार एकाच सरकारी तिजोरीतून निघतो. अमेरिकेत असा एक अहवाल नाही आणि अशी एक तिजोरीही नाही. तेथे तेरा हजारांच्या आसपास शाळा-जिल्हे आहेत. बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेले शाळा मंडळ असते आणि ते आपापले वेतनपत्रक ठरवते. खर्चाचा मोठा भार राज्य सरकार आणि स्थानिक करदाते यांच्यावर जवळजवळ सारखा पडतो. वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारचा वाटा लहान, बहुतेक वर्षी दहा टक्क्यांच्या आसपास असतो. स्थानिक वाट्याचा मुख्य आधार म्हणजे घर-जमिनीवरील कर, आपण ज्याला घरपट्टी म्हणू तो.

म्हणूनच सरासरीने फसू नये. नॅशनल एज्युकेशन असोसिएशन ही १८५७ साली स्थापन झालेली तेथील शिक्षकांची सर्वांत मोठी संघटना. तिच्या हिशेबाप्रमाणे २०२३-२४ या शालेय वर्षात सरकारी शाळेतील शिक्षकाचा सरासरी पगार ७२,०३० डॉलर होता. पण कॅलिफोर्नियात तो १,०१,०८४ डॉलर, तर मिसिसिपीत ५३,७०४ डॉलर. आणि नव्याने लागणाऱ्या शिक्षकाची देशभराची सरासरी होती ४६,५२६ डॉलर. मांडवातला सत्तर हजारांचा आकडा नोकरीत बरीच वर्षे घालवलेल्यांनाही धरून काढलेला आहे. नव्या मुलीच्या हाती तो पहिल्या वर्षी पडत नाही. शिवाय जेथे पगार मोठा तेथे घरभाडेही मोठे, हे वेगळे सांगायला नको.

गावाच्या श्रीमंतीवर शाळा अवलंबून राहिली म्हणजे काय होते याचे एक जुने उदाहरण टेक्सास राज्यातील सॅन अँटोनियो शहराचे आहे. तेथे एजवूड नावाचा शाळा-जिल्हा होता. वस्ती मुख्यतः गरीब मेक्सिकन कुटुंबांची. त्याच शहरात आलामो हाइट्स हा सुखवस्तू लोकांचा जिल्हा. १९६७-६८ साली एजवूडचे लोक मालमत्तेच्या दर शंभर डॉलरमागे १ डॉलर ५ सेंट कर भरत होते. आलामो हाइट्सचे लोक फक्त ८५ सेंट भरत होते. तरीही त्या करातून एजवूडच्या वाट्याला दर मुलामागे २६ डॉलर आले आणि आलामो हाइट्सला ३३३ डॉलर! घरेच स्वस्त, म्हणून जास्त दराने कर भरूनही हाती थोडेच पडले. राज्याची आणि केंद्राची मदत मिळवूनही एका मुलामागे ३५६ डॉलर आणि दुसऱ्यामागे ५९४ डॉलर असा फरक राहिला. एवढ्या पैशांत चांगले शिक्षक टिकणार कसे? मे १९६८ मध्ये एजवूडची मुले वर्ग सोडून रस्त्यावर आली. त्यांच्या मागण्यांत योग्य पात्रतेचे शिक्षक मिळावेत ही मागणी होती.

त्या मुलांचे पालक कोर्टात गेले. त्यांच्यातील डेमेट्रिओ रॉड्रिगेझ यांचे नाव त्या खटल्याला कायमचे चिकटले. १९७३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी पालकांच्या विरोधात निकाल दिला. ही विषमता देशाच्या राज्यघटनेविरुद्ध ठरत नाही, असे न्यायालय म्हणाले. पुढे १९८९ मध्ये टेक्सासच्या स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र तेथील व्यवस्था राज्याच्या घटनेत बसत नाही असे एकमताने ठरवले. एका पिढीची शाळा या दोन निकालांच्या दरम्यान संपून गेली.

एकच काम, दोन पगार

आज अमेरिकेतील बहुतेक शाळा-जिल्ह्यांत पगाराचा एक तक्ता असतो. उभ्या बाजूला नोकरीची वर्षे, आडव्या बाजूला पदवी आणि पुढचे शिक्षण. दहा वर्षे झाली आणि एम. ए. असेल तर अमुक ओळ, अमुक घर. बोट ठेवावे आणि आकडा वाचावा. हा तक्ता कोणालाही पाहता येतो. तेथे कोणाची शिफारस चालत नाही आणि हेडमास्तरांची मर्जीही चालत नाही. डेन्व्हर आणि डे मॉइन या दोन शहरांनी १९२१ साली ही पद्धत प्रथम सुरू केली आणि १९५०च्या सुमारास ती जवळजवळ सर्वत्र पोचली.

त्यापूर्वी काय होते? प्राथमिक शाळेच्या शिक्षिकेला हायस्कूलच्या शिक्षकापेक्षा कमी पगार. त्याच वर्गावर बाईला पुरुषापेक्षा कमी. लग्न केले की कित्येक ठिकाणी बाईची नोकरीच संपे. आणि दक्षिणेकडील राज्यांत काळ्या शिक्षकांचा तक्ताच निराळा असे.

व्हर्जिनिया राज्यातील नॉरफोक शहराची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. अलीन ब्लॅक या तेथील काळ्या मुलांच्या हायस्कूलात रसायनशास्त्र शिकवीत. समान कामाला समान पगार मिळावा म्हणून १९३९ साली त्या कोर्टात गेल्या. शाळा मंडळाने त्यांचा करार पुढे चालू ठेवला नाही. नोकरी गेली आणि नोकरीबरोबर खटलाही पडला. असे झाल्यावर दुसरा कोणी पुढे आला नसता तर नवल नव्हते. पण त्याच शाळेतील मेल्विन ऑल्स्टन पुढे आले. त्यांचा वर्षाचा पगार होता ९२१ डॉलर. तेवढ्याच पात्रतेच्या, तेच काम करणाऱ्या गोऱ्या शिक्षकाची सुरुवातच १,२०० डॉलरपासून होई. त्यांच्या वकिलांत थरगुड मार्शल नावाचे एक तरुण वकील होते. हेच मार्शल पुढे १९६७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले काळे न्यायमूर्ती झाले. जून १९४० मध्ये वरच्या कोर्टाने ऑल्स्टन यांच्या बाजूने निकाल दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्याचे नाकारले. वर्णावरून पगार ठरवणे घटनेविरुद्ध ठरले.

आज अमेरिकेतील शिक्षक ज्या तक्त्यावर सहज बोट ठेवतो, त्यातली एक ओळ अलीन ब्लॅक यांच्या गेलेल्या नोकरीने लिहिलेली आहे. आमच्या मते ही गोष्ट पगाराच्या आकड्यापेक्षा अधिक लक्षात ठेवण्याजोगी आहे.

साहेबांचा पगार

शिक्षकाला तक्ता, पण वरच्या अधिकाऱ्याला करार, अशी तेथील रीत आहे. शाळेचा मुख्याध्यापक म्हणजे प्रिन्सिपल. सरकारी आकडेवारीप्रमाणे मे २०२३ मध्ये त्यांचा मधला पगार वर्षाला १,०३,४६० डॉलर होता, म्हणजे निम्म्यांना याहून जास्त आणि निम्म्यांना याहून कमी. त्यांच्या वर सबंध शाळा-जिल्ह्याचा सुपरिंटेंडेंट. त्याला शाळा मंडळ काही वर्षांच्या कराराने नेमते आणि त्याचा पगार वाटाघाटीने ठरतो. करारात मोटारीचा भत्ता, जादा पेन्शनची भर, आणि मुदतीआधी काढले तर भरपाई अशीही कलमे पुष्कळदा असतात. लॉस एंजेलिसच्या शाळांसाठी २०२२ साली आलेल्या सुपरिंटेंडेंटचा करार वर्षाला ४,४०,००० डॉलरचा होता. अर्थात त्या जिल्ह्यात चार लाखांहून अधिक मुले होती. लहान गावातील सुपरिंटेंडेंटला याच्या पाव हिश्श्याच्या आसपास मिळते आणि कधीकधी तोच शाळेचा प्रिन्सिपलही असतो.

हे आकडे पाहून शिक्षकांत आणि करदात्यांत कुरकुर होणे साहजिक आहे. न्यू जर्सी राज्याने २०११ मध्ये त्यावर एक उपाय करून पाहिला. बहुतेक सुपरिंटेंडेंटांचा पगार १,७५,००० डॉलरच्या वर जाऊ नये असा नियम झाला, कारण राज्याच्या गव्हर्नरचा पगार तेवढाच होता. ऐकायला न्याय्य वाटते. पण शेजारची न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनिया ही राज्ये जवळच होती. अनुभवी अधिकारी तिकडे जाऊ लागले, आणि २०१९ साली हा नियम रद्द करावा लागला.

यावरून वरच्यांना कितीही द्यावे असा अर्थ आम्ही काढत नाही. मोठ्या जिल्ह्याचा कारभार हलका नसतो आणि करार मोडून घरी पाठवलेल्या सुपरिंटेंडेंटांची उदाहरणेही तेथे कमी नाहीत. पण शिक्षकाच्या पगाराबद्दल त्या देशात फार जुनी तक्रार आहे आणि ती खरी आहे. इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूट या संस्थेच्या अभ्यासाप्रमाणे तेवढेच शिकलेल्या इतर नोकरदारांच्या मानाने शिक्षकाचा आठवड्याचा पगार १९९६ मध्ये ६.१ टक्क्यांनी कमी होता. २०२३ मध्ये तो २६.६ टक्क्यांनी कमी पडला. सवलती धरल्या तर हे अंतर कमी होते, पण मिटत नाही.

पगारापलीकडचे

आता सवलतींकडे वळू. आपल्याकडे शिक्षकाच्या घरी डिसेंबरात तेरावा पगार येतो. पॅसेजचे पैसे साठतात. आजारी पडले तर सरकारी इस्पितळ फुकट असते. अमेरिकेत यांतले बहुतेक नाही. तेराव्या पगाराची पद्धत नाही. शाळा साधारण दहा महिने चालते आणि पगारही पुष्कळ ठिकाणी दहाच महिन्यांचा असतो. वाटल्यास तो बारा हप्त्यांत वाटून घेता येतो, एवढेच. उन्हाळ्याच्या सुट्टीत अनेक शिक्षक दुसरे काम पाहतात. १९९३च्या कायद्याने बाळंतपणासाठी बारा आठवड्यांची रजा मिळते, पण ती बिनपगारी. म्हणून शिक्षिका वर्षानुवर्षे आजारपणाची रजा साठवून ठेवतात. आणि वर्गातील कागद-पेन्सिली? सरकारच्या पाहणीप्रमाणे २०१४-१५ साली ९४ टक्के शिक्षकांनी त्यासाठी स्वतःच्या खिशातून पैसे घातले, आणि ते सरासरीने ४७९ डॉलर होते. अशा खर्चाचा काही भाग करपात्र उत्पन्नातून वजा करता येतो.

सर्वांत मोठी बाब म्हणजे आजारपणाचा विमा. वेस्ट व्हर्जिनिया हे कोळशाच्या खाणींचे डोंगराळ राज्य. तेथील शिक्षकांचा पगार देशात तळाशी होता. त्यात विम्याचा हप्ता वाढू लागला. वर कहर म्हणजे एक योजना आली, की शिक्षकांनी पावले मोजणारे यंत्र आणि मोबाइलवरील नोंद वापरून आपल्या प्रकृतीचा हिशेब द्यावा, नाहीतर जास्त पैसे भरावेत. योजना मागे घेतली गेली, पण लोक चिडले ते चिडलेच. २२ फेब्रुवारी २०१८ रोजी राज्यातील सर्व ५५ तालुक्यांत शाळा बंद पडल्या. तेथे सरकारी नोकरांना संपाचा कायदेशीर हक्क नाही, तरीही.

या संपातील दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. शाळेत मिळणाऱ्या जेवणावर अवलंबून असणारी गरीब मुले उपाशी राहू नयेत म्हणून संपकरी शिक्षकांनी शिध्याची पाकिटे बांधून वाटली. आणि गव्हर्नरांनी शिक्षकांना पाच टक्के, इतर सरकारी नोकरांना तीन टक्के वाढ देऊ केली तेव्हा शिक्षक शाळेत परतले नाहीत. सर्वांना पाच टक्के मिळाल्यावरच, मार्चच्या पहिल्या आठवड्याअखेर, शाळा उघडल्या. स्वयंपाकीण, बसचा ड्रायव्हर आणि मास्तर एकाच रांगेत उभे राहिले. त्याच वर्षी ओक्लाहोमा आणि ॲरिझोना राज्यांतील शिक्षकांनीही हाच मार्ग धरला.

दुसरी मोठी बाब पेन्शनची. कॅलिफोर्नियाचा शिक्षक पेन्शन फंड १९१३ पासून चालू आहे. २०१३ नंतर लागलेल्या शिक्षकाला तेथे वयाच्या ६२व्या वर्षी दर वर्षाच्या नोकरीमागे शेवटच्या पगाराचे दोन टक्के मिळतात. तीस वर्षे केली तर साठ टक्के. चांगलेच आहे. पण निदान पाच वर्षे नोकरी झाल्याशिवाय पेन्शनचा हक्क लागत नाही, आणि इलिनॉय राज्यात २०११ नंतर लागलेल्यांना त्यासाठी दहा वर्षे लागतात. त्याआधी सोडून गेलात तर स्वतः भरलेले पैसे परत मिळतात, पेन्शन नाही.

यात एक खोच आहे. कॅलिफोर्निया, टेक्सास, इलिनॉय, ओहायो, मॅसॅच्युसेट्स अशा पंधरा-एक राज्यांत बहुसंख्य शिक्षक सोशल सिक्युरिटी या देशव्यापी वृद्धापकाळ योजनेत मोडतच नाहीत. त्यांना राज्याची पेन्शन तेवढी. वर १९७७ आणि १९८३ सालच्या दोन कायद्यांनी असे केले, की एखाद्या शिक्षिकेचा नवरा आयुष्यभर सोशल सिक्युरिटीत पैसे भरून वारला, तर विधवा म्हणून तिला मिळणाऱ्या रकमेतून तिच्या स्वतःच्या पेन्शनच्या दोन-तृतीयांश इतके पैसे कापले जात. कित्येकींच्या हाती काहीच उरत नसे. निवृत्त शिक्षकांनी चाळीस वर्षे याविरुद्ध अर्ज केले, सभा घेतल्या. अखेर ५ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि ही कपात संपली. लाखो म्हाताऱ्या माणसांना त्यांचे हक्काचे पैसे मिळाले. पण वाट पाहतापाहता त्यातले कितीजण निघून गेले, हेही मनात येतेच.

जाणाऱ्यांनी विचारायचे प्रश्न

आता आपल्या मुलामुलींविषयी. परदेशी शिक्षकांना अमेरिकेत नेणारे मार्ग आहेत. जे-१ हा परवाना साधारण तीन वर्षांचा असतो, तो पुढे दोन वर्षे वाढू शकतो. म्हणजे जेथे पेन्शनला दहा वर्षे लागतात तेथे तिचा विषयच संपला. एच-१-बी परवान्यावरही शाळा शिक्षक नेत आल्या, पण सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरून येणाऱ्या नव्या अर्जांवर १,००,००० डॉलरची फी लावण्याचा हुकूम निघाला. तेवढे पैसे कोणत्या गावची शाळा भरणार?

दलालांपासून तर फारच जपावे. लुइझियाना राज्यातील शाळांसाठी २००७ नंतर फिलिपाइन्समधून सुमारे साडेतीनशे शिक्षक नेण्यात आले. नेणाऱ्या एजन्सीने प्रत्येकाकडून हजारो डॉलर उकळले आणि तेथे पोचल्यावर पगारातला हिस्साही मागितला. ते शिक्षक गप्प बसले नाहीत. अमेरिकेतील शिक्षक संघटनेने त्यांना साथ दिली आणि डिसेंबर २०१२ मध्ये कोर्टाने त्यांना ४५ लाख डॉलर देण्याचा निकाल दिला. परक्या देशातही ते जिंकले ते एकत्र राहिल्यामुळेच.

तेव्हा पत्र हाती आले की आकड्याआधी पुढील गोष्टी विचाराव्यात. शाळा कोणत्या जिल्ह्याची आणि तिचा वेतनतक्ता कोठे पाहायला मिळेल? त्या तक्त्यात आपली इकडची नोकरीची वर्षे धरली जाणार का? विम्याचा हप्ता दरमहा किती आणि त्यात कुटुंब येते का? पेन्शनचे पैसे कापले जाणार असतील तर परत येताना ते मिळतील का? आणि या नोकरीसाठी कोणाला एक पैसा तरी द्यावा लागणार आहे का? या प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाली तर खुशाल जावे. आमचे आशीर्वाद आहेत.

आपल्या मराठी शिक्षकाचा पगार

शेवटी एक विचार मांडून आम्ही हा लेख पुरा करतो. अमेरिकेत आज मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या आधाराने तेथे मराठी शाळाही चालतात. पण त्या भरतात शनिवारी-रविवारी, आणि शिकवणारे बहुतेक आईबाप स्वयंसेवक असतात. आठवडाभर नोकरी करून ते हौसेने आणि पदरमोड करून मुलांना बाराखडी शिकवतात. त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे.

आपल्या या लहानशा बेटावर मात्र सरकारी प्राथमिक शाळेत मराठीचा शिक्षक आहे. महात्मा गांधी संस्थेत त्याचे शिक्षण होते आणि महिनाअखेर त्याचा पगार सरकारी तिजोरीतून येतो. एवढ्या मोठ्या, श्रीमंत देशातील मराठी माणसाला जे मिळाले नाही ते आपल्याला मिळाले आहे. ते आपोआप मिळालेले नाही. उसाच्या शेतात दिवसभर राबून रात्री बैठकेत दिव्याच्या उजेडात मुलांना अक्षर शिकवणाऱ्या आपल्या आजोबा-पणजोबांनी फुकट शिकवले, म्हणून आज पगारी शिक्षक आहे.

तो पगार टिकायचा तर पटावर मुलांची नावे हवीत. पुढच्या जानेवारीत शाळेचा फॉर्म भरताना भाषेच्या रकान्यात काय लिहायचे, हे आपल्यापैकी प्रत्येक घरात ठरणार आहे. एजवूडच्या पालकांना आपल्या मुलांच्या शिक्षकासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. आपल्याला फक्त एक शब्द लिहायचा आहे. तो आपण लिहू या.